नॅपकिनमागचा पांढरा



आज पंचदशीचं सहावं प्रकरण, चित्रदीप. विद्यारण्यस्वामींनी १४व्या शतकात लिहिलेल्या या ग्रंथात १५ प्रकरणं आहेत, आणि हे प्रकरण सुरूच होतं एका चित्राच्या कापडापासून. कापडाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : मुळात शुभ्र असलेलं, खळ लावून घोटलेलं, शाईने रेघा आखलेलं आणि रंग भरलेलं. तसाच परमात्मा : शुद्ध चैतन्य, अंतर्यामी, सूत्रात्मा, विराट. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत आपण सगळे त्या कापडावरची चित्रं.

हे मी मावशीला वाचून दाखवत होतो. काका गेल्यापासून ती कागदी नॅपकिनची चित्रं करते. ऐकता ऐकता हातातला ब्रश ठेवून म्हणाली, "म्हणजे आमचा चाळीस वर्षांचा संसार नुसता रंगच होता का रे?"

या प्रश्नाला "हो, सगळं मिथ्या आहे" असं उत्तर देणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. उत्तर तिच्या टेबलावरच होतं.

नॅपकिनला बहुतेक तीन पदर असतात. खालचे दोन कोरे पदर सोलून टाकायचे, छापलेला वरचा तेवढा घ्यायचा. तो इतका पातळ की गोंद लागला की त्यातला पांढरा भाग पारदर्शकच होतो. म्हणून आधी फळीला पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात द्यायचे, वाळले की बारीक पॉलिशपेपर फिरवायचा. गडद निळ्यावर तेच गुलाब चिकटवलं तर फूल जवळजवळ गायब! बाजूची पार्श्वभूमी नंतर चित्रातल्याच एखाद्या फिक्या छटेने स्पंजने टिपून घ्यायची, म्हणजे हाताने फाडलेली कड त्यात मिसळून जाते. (कात्रीने कापलेली कड मात्र कितीही टिपा, दिसतेच.)

तर गुलाबाचा जो उजेड आपल्याला दिसतो तो नॅपकिनचा नाहीच. तो मागच्या पांढऱ्याचा आहे, पाकळीतून गाळून आलेला.

इथे एक सांगायला हवं. "मन स्वच्छ करा, मग देव दिसेल" असा अर्थ या दृष्टांतातून बरेच जण काढतात. तो उपदेश चांगलाच आहे, पण स्वामी इथे मनाबद्दल बोलत नाहीत. मन हेही त्या चित्रातच आलं. कापड शुभ्र असतं ते स्वभावतःच, ते कुणी साधनेनं पांढरं केलेलं नाही. आपली फळी आपल्याला रंगवावी लागते, तेवढा दृष्टांत इथे अपुरा पडतो.

मावशीला मी एवढंच म्हटलं, की काकांच्या मायेत तुला जे ऊबदार वाटायचं, ते त्या मागच्यातूनच येत होतं. चित्र खोटं म्हणून फेकून द्या असं ग्रंथ म्हणत नाही. काका होते तेव्हा ते काकांसारखं दिसलं. आता तो पदर नाही, पण त्यामागचं जे आहे ते तुझ्याही मागे आहे.

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढचं वाच."

पुढचा श्लोक गमतीचा आहे. चित्रातल्या माणसांनी कपडे घातलेत, तेही रंगवलेले. खऱ्या कापडावर खोटं कापड! तो उद्या घेऊ.