जन्मापूर्वींचें ऋण

बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत त्याचा ऊहापोह असून तेथें निकाल बीजाच्या बाजूनें दिलेला आहे. लोकव्यवहारांत मात्र आपण एका तोंडानें ‘खाण तशी माती’ म्हणतों आणि दुसऱ्या तोंडानें आईच्या पोटांत चक्रव्यूह शिकलेल्या अभिमन्यूची कथा सांगतों. या दोहोंतील विसंगति आपल्यास बोंचत नाहीं. हा वाद पुन्हा उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. शास्त्रानें तो बऱ्याच अंशीं निकालांत काढला आहे. निकालांत निघाला नाहीं तो त्याच्या पोटांत असलेला नीतीचा प्रश्न. मनुष्य जन्मास येण्यापूर्वींच त्याचें जें बरेंवाईट होऊन जातें, त्याचा जाब कोणास विचारावा?

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. फेनिलकीटोन्यूरिया नांवाचा एक आनुवंशिक रोग आहे. नॉर्वेंतील वैद्य फोलिंग यांनीं तो १९३४ सालीं ओळखला. आई व बाप या दोघांकडूनहि सदोष जनुक आल्यास मुलाच्या शरीरांत अन्नांतील एका घटकाचें पचन पुरें होत नाहीं. तो रक्तांत सांचतो आणि मेंदूची वाढ खुंटते. म्हणजे दोष सर्वस्वीं बीजाचा. परंतु जन्मल्यावर लवकरच तो घटक आहारांतून कमी केला, तर तेंच मूल बुद्धीनें जवळजवळ इतरांसारखें वाढतें. आतां अशी एखादी मुलगी मोठी झाली, पथ्य सोडून बसली आणि गरोदर राहिली, तर काय होतें? बापाकडून निर्दोष जनुक आल्यास तिच्या मुलाला तो रोग नसतो. तरीहि तिच्या रक्तांत सांचलेल्या त्याच द्रव्यानें गर्भाचा मेंदू व हृदय यांस इजा पोहोंचते. आईचें बीज येथें मुलाचें क्षेत्र झालें! यांत बीजाचा वांटा किती आणि क्षेत्राचा किती, हें तराजूनें तोलून सांगूं म्हणणारास प्रश्नच कळला नाहीं असें आम्हांस वाटतें.

दुसरें उदाहरण युद्धाचें आहे. १९४४ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्याच्या ताब्यांतील पश्चिम हॉलंडांत अन्नाचा पुरवठा तुटला, आणि १९४५ च्या मे महिन्यांत सुटका होईपर्यंत तेथील माणसें उपासमारींत राहिलीं. माणशीं मिळणारा शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याहि खालीं गेला होता. ज्यांच्या आयांना गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही उपासमार घडली, तीं मुलें जन्मतः हलकीं भरलीं. आरंभींच्या महिन्यांत जीं सांपडलीं तीं वजनानें ठीक होतीं. पण प्रौढ वयांत त्यांच्यांत हृद्रोगाचें प्रमाण अधिक आढळलें. पुढें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत असें दिसलें कीं, आरंभींच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्या या गर्भांच्या एका जनुकावरील मिथिल नांवाच्या रासायनिक खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षां सुमारें साठ वर्षांनंतरहि वेगळ्या होत्या. जनुकाचीं अक्षरें तींच. पण तीं वाचण्याची रीत निराळी झाली.

यासाठीं हॉलंडला जाण्याचीहि गरज नाहीं. पुण्याजवळील सहा खेड्यांत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास चालविला. तेथें जन्मणारें मूल सरासरीनें पावणेतीन किलोच्या आंत भरे. इंग्लंडांतील मुलांशीं तुलना करतां तें स्नायूंनीं व अवयवांनीं पुष्कळच लहान; पण त्वचेखालील चरबी मात्र त्यानें राखून ठेविलेली! काटक दिसणाऱ्या आपल्या लोकांत मधुमेह इतका कां, याचें एक बीज या हाडकुळ्या पण चरबी जपणाऱ्या अर्भकांत असावें असें हे संशोधक मानतात. ज्या स्त्रिया पालेभाजी, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं मुलें थोडीं मोठीं निघालीं. ज्यांना शेताचे व घरचे कष्ट अधिक, त्यांचीं लहान.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्याला आजवर दोन उत्तरें मिळालीं आणि आमच्या मतें दोन्ही वाईट होत. पहिलें उत्तर बीजवाद्यांचें. गाल्टननें १८८३ सालीं सुप्रजाजननशास्त्राला नांव दिलें. पुढें १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सक्तीची नसबंदी वैध ठरविली आणि १९३३ सालीं जर्मनींत तसा कायदा झाला. दारिद्र्यानें जें घडलें तेंहि बीजाच्या नांवें मांडून दुर्बळांसच शिक्षा झाली. दुसरें उत्तर दिसण्यांत सौम्य आहे. आईनें काय खाल्लें, काय ऐकलें, ती कां रडली, याचा हिशेब ते मागतें. ‘गर्भसंस्कार’ हा शब्द तोंडीं घेऊन आपण मातृत्वाचा गौरव करतों असें आपल्यास वाटतें. पण मूल अशक्त निघालें कीं त्याच गौरवाचें आरोपपत्र होतें. पुण्याजवळच्या त्या बाईच्या ताटांत भाजी किती पडावी, हें कोण ठरवितें? जिनें सर्वांच्या मागून जेवावयाचें, तिला आहाराचा जाब विचारणें हा न्याय नव्हे.

शिवाय दोष शोधीत मागें जाऊं लागलें तर थांबावयाचें कोठें? मुलीच्या शरीरांतील अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटांत असतांनाच तयार होतात. म्हणजे आपल्या देहाचा अर्धा आरंभ आजीच्या पोटीं झाला. तिच्या भुकेचा जाब तिच्या सासूस विचारावा काय?

म्हणून आम्ही सुचवितों कीं, येथें ‘दोष’ हा शब्द सोडून ‘ऋण’ हा शब्द घ्यावा. दोषाची दृष्टि मागें असते, ऋणाची फेडीकडे. आपल्या परंपरेंत पितृऋण फेडावयाचें तें पितरांस नव्हे, तर पुढील पिढीस, संततीच्या रूपानें. ती कल्पना थोडी रुंदावली पाहिजे, एवढेंच. आम्हांस कोणीतरी पोटांत वाढविलें, याची फेड केवळ मूल जन्मास घालून होत नाहीं. आज जी कोणाची तरी आई होणार आहे तिचें ताट भरल्यानें व तिच्या डोक्यावरची घागर उतरविल्यानें होते. आणि हें ऋण एकट्या घराचें नसून समाजाचें आहे.

यावर कोणी म्हणेल, मग वाईट दिवसांत गर्भीं राहिलेला मनुष्य कमी प्रतीचा ठरला काय? मुळींच नाहीं. शास्त्राचें हें बोलणें समूहाविषयीं आहे; तें कोणा एकाची जन्मपत्रिका नव्हे. धोका वाढतो, निकाल ठरत नाहीं.

एक शंका मात्र आमची आम्हांसच येते. गर्भाच्या हितासाठीं स्त्रीला जेवूं घाला, असें म्हणतांना आम्हीहि तिला क्षेत्रच मानीत नाहीं ना? शेताला खत घालावें तें पिकासाठीं. पण शेताला भूक लागत नाहीं, स्त्रीला लागते. तिला अन्न मिळावें तें तिच्या भुकेसाठीं, पोटीं मूल असो वा नसो. लग्नाआधीं, अगदीं लहानपणापासून जिला पोटभर मिळालें, तिच्या मुलासाठीं निराळी धांवपळ करण्याचें कारण बहुधा उरणार नाहीं.