पत्र्याखालचा मे महिना

हातापायांना लावायच्या लोशनची एखादी बाटली घरात असेल, ती घ्या. थंडीत आणलेली आणि नंतर कपाटात मागे ढकललेली असली तर फारच चांगलं. घाई नको. आत्ता कुठला फॉर्म भरायचा नाही, कुणाला सीव्ही पाठवायचा नाही. केमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, जाहिरातींत 'फॉर्म्युलेशन केमिस्ट' असे शब्द दिसतात, पण ते काम नक्की काय असतं हे कुणी नीट सांगत नाही, अशा एखाद्या भिवंडीकर मुलामुलीला मनात धरून हे लिहीत आहे. बाकीच्यांनीही शेजारी बसायला हरकत नाही.

मागची बारीक अक्षरं वाचा. पहिलं नाव बहुधा पाण्याचं असेल. मग एखादं तेल किंवा मेण, ग्लिसरीन, आणि जिभेवर न बसणारी चार-सहा नावं. सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे बाटलीत सगळ्यात जास्त आहे ते पाणी. (पाणी विकतात म्हणून हसणाऱ्यांनी तेच पाणी तेलासोबत एका बाटलीत घालून सहा महिने एकजीव ठेवून दाखवावं.)

आता थोडं लोशन तळहातावर घ्या आणि नुसतं बघा. पांढरं आहे. पाणी पांढरं नसतं, तेलही नसतं. तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले आहेत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे, आणि त्यांच्यावर आपटून उजेड सगळीकडे फाकतो म्हणून पांढरं दिसतं. ते थेंब आत्ताही वर यायला बघताहेत. एकमेकांना भेटून मोठे व्हायला बघताहेत. तेल आणि पाणी यांचं भांडण कुणी मिटवलेलं नाही, ते लांबणीवर टाकलेलं आहे. थोडा वेळ एवढंच मनात राहू द्या.

लांबणीवर टाकायचं कसं, याचा हिशेब जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ साली मांडून ठेवलाय. थेंबाचा व्यास निम्मा केला की त्याचा वर चढायचा वेग एक चतुर्थांश होतो. भोवतालचं द्रव जितकं दाट, तितका वेग कमी. म्हणून थेंब बारीक करायचे, द्रव दाट करायचं, आणि थेंबांभोवती असा रेणू उभा करायचा की ज्याचं एक टोक तेलात रमतं, दुसरं पाण्यात. कॉलेजात हे एका तासात शिकवून होतं. कामावर यातच आयुष्य जातं, कारण दाटपणा वाढवला की लोशन बाटलीतून बाहेर येत नाही, आणि तो रेणू जास्त झाला की हाताला चिकट लागतं.

बाटली खाली ठेवा, पण तिला विसरू नका. ती तुमच्याकडे कुठून आली? दुकानातून, आणि दुकानात बहुतेक तुमच्याच गावच्या एखाद्या गोदामातून. मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या रस्त्याने तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवता यावा म्हणून इथे गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं हटली नाहीत, वाढलीच. साबण, रंगाचे डबे, औषधं, फरशी पुसायचं फिनेल, मुंबईच्या घरात जाणारं काय काय आधी इथे थांबतं.

आता डोळे मिटा आणि मे महिन्यातली दुपार आणा. गोदामाचा पत्रा तापलेला आहे. आत खोक्यांच्या वरच्या थरात हवा हलत नाही. पत्र्याखाली चाळिशी केव्हाच ओलांडलेली असते. तुमची बाटली तिथे आहे. तेलाचे थेंब उष्णतेने जोरात हलताहेत, भोवतालचं पाणी पातळ झालंय, वासाची द्रव्यं उडायला टपलीत. रात्री थोडं निवतं, सकाळी पुन्हा तापतं. अजून आठवडाभर गाडी लागणार नाही.

फॉर्म्युलेशन केमिस्ट प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत बसून ही दुपार आधीच पाहतो. त्याच्याकडे त्यासाठी एक कपाट असतं, त्यात हवा तो उकाडा आणि दमटपणा धरून ठेवता येतो. औषधांसाठी प्रवेगी चाचणीचा ठरलेला पाठ आहे: ४० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, या ढोबळ नियमावर कपाटातल्या महिन्यांची बाहेरची वर्षं करतात. नियम ढोबळच आहे. काही लोशनं बाहेर दोन वर्षं सुखाने राहिली असती, ती कपाटात आठवड्यात फुटतात, कारण त्यांना धरून ठेवणारा रेणू एका ठराविक तापमानानंतर पाण्याला सोडून देतो. आणि उलटंही होतं, कपाटातून उत्तम पास झालेला माल बाजारात तळाशी बसतो. तेव्हा कपाटाचं ऐकायचं, पण खऱ्या तापमानाला, खऱ्या वेळात ठेवलेला नमुनाही शेवटपर्यंत सांभाळायचा. शून्य दिवस, पंधरा दिवस, एक महिना, तीन महिने. बाटली काढा, बघा, हुंगा, पीएच मोजा, दाटपणा मोजा, लिहा, परत ठेवा.

या कामाचा खरा रंग इथे आहे. मिश्रण करायला एक सकाळ लागते. ते कसं वागतं हे कळायला ऋतू जावे लागतात. ज्याला वाट बघायचा कंटाळा आहे त्याने केमिस्ट्रीतलं दुसरं काही निवडावं, यात कमीपणा नाही.

आता दुसरीकडे लक्ष न्या. लोशनच्या बाटलीसारखंच कोडं यंत्रमागावरही आहे, आणि ते बघायला भिवंडीत मुद्दाम कुठे जावं लागत नाही, कान उघडे ठेवले की झालं. खटखट, खटखट. ताण्याचे हजारो धागे शेजारीशेजारी ताणलेले आहेत, फणी त्यांच्यामधून पुढेमागे जाते, धोटा आरपार धावतो. बाण्याचा धागा एकदा जाऊन कापडात बसतो. ताण्याच्या धाग्याला मात्र कापडात पोचण्याआधी असंख्य वेळा घासून, ओढून, सैल होऊन पुन्हा ताठ व्हावं लागतं. कोरडा सुती धागा इतकं सोसत नाही. त्याची लव उभी राहते, शेजारच्या लवेत अडकते, धागा तुटतो, माग थांबतो.

म्हणून ताण्याला खळ देतात. तुम्ही सायझिंगच्या, म्हणजे खळ देण्याच्या, कारखान्यांची धुराडी लहानपणापासून पाहिलीत, आत काय शिजतं ते पाहिलंय का? मोठ्या टाकीत मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च पाण्यात ढवळतात आणि वाफेने तापवतात. साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्टार्चचे कण फुगतात, फुटतात, पाणी दाट होतं. त्यात पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पडतं, म्हणजे धाग्यावर मजबूत पापुद्रा येतो. पापुद्रा कडक होऊन झडू नये म्हणून चरबी किंवा मेण. पावसाळ्यात ताण्याची गुंडाळी (बीम) पडून राहिली तर बुरशी धरू नये म्हणून जुन्या काळी मोरचूद किंवा झिंक क्लोराइड. धागे या गरम खळीत बुडून, पिळून निघतात, तापलेल्या सिलिंडरांवरून वाळत जातात आणि बीमवर गुंडाळले जातात. सुती ताण्याचं वजन यात दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं.

खळ गार होऊ दिली की पेजेवर येते तशी साय येते. साय धाग्यावर गेली की गाठ. फार पातळ असली तर धाग्याच्या पोटात शिरते आणि लव उघडीच राहते, फार दाट असली तर वरवर बसते आणि फणीखाली पूड होऊन गळते. हवा कोरडी झाली की पापुद्रा तडकतो; मुंबईच्या दमट हवेत गिरण्या वाढल्या याचं एक कारण या पापुद्र्याशीही जोडलेलं आहे. गिरण्यांतलं हे ज्ञान गिरणीच्या आतच असायचं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांचं कापड यंत्रमागांकडे वळलं. भिवंडीत माग त्याआधीही होतेच, पण त्यानंतर काम फार वाढलं. इथे चार-सहा मागांचा मालक स्वतः खळ शिजवत नाही. तो सायझिंगवाल्याकडे जातो, आणि सायझिंगवाला एकाच दिवसात कुणाचं सुती, कुणाचं पॉलिस्टर-मिश्र सूत घेतो. दर सुताची मागणी वेगळी. ही अडचण जिथे आहे, तिथे एक केमिस्ट असायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो नसतो, असतो तो अनुभवी हाताचा अंदाज, आणि खरं सांगायचं तर तो अंदाज पुष्कळदा नवख्या पदवीधराच्या आकडेमोडीपेक्षा बरा निघतो.

खळीवर आणखी थोडं थांबू या, कारण तिच्यात या व्यवसायातली सगळ्यात विलक्षण अट आहे. इतकी काळजी घेऊन बसवलेली खळ कापड विणून झाल्यावर धुऊन काढायची असते. ग्रे, म्हणजे विणून आलेलं कोरं, कापड डाईंगला जातं तेव्हा पहिलं काम खळ उतरवण्याचं. ती राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. स्टार्च तोडायला अमायलेझ एन्झाइम वापरतात, पीव्हीए गरम पाण्यात जातं. म्हणजे मागावर मुळीच सुटता कामा नये, आणि नंतर मुळीच उरता कामा नये. कापड घेणाऱ्याला हिचं नाव कधी कळत नाही. आपण केलेलं काम शाबूत ठेवण्याची नव्हे, वेळेवर नाहीसं होण्याची हमी देतोय, या विचारासोबत मिनिटभर बसून बघा. काहींना यात उदास वाटतं. मला तर यात या कामाची सगळी मजा दिसते.

उलटसुलट अटी एकाच टाकीत पाळणं, बस्स, या नोकरीचं वर्णन एवढंच. १९३१ साली गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या, घोडा छाप. पुढे त्यातून कॅमल शाई आणि कॅम्लिन झालं. शाईचं कोडं तेच: कागदावर लगेच वाळली पाहिजे, निबात वाळता कामा नये. रंगाचं तेच: ब्रशखाली पातळ, भिंतीवर ओघळ नाही. शाळेतल्या आपल्या निळ्या बोटांमागे कुणीतरी हे कोडं सोडवत बसलं होतं.

आता नोकरी. इथेही सावकाश. जाहिरातीतलं पदनाम बाजूला ठेवा. 'फॉर्म्युलेशन' असा शब्द लिहून शोधलंत तर निम्म्या जागा औषधांच्या गोळ्या-मलमांच्या निघतात आणि तिथे एम. फार्मवाले पुढे असतात. रंग, साबण-डिटर्जंट, प्रसाधनं, शेतीची औषधं, चिकटद्रव्यं, कापडाची सहायक रसायनं, हे सगळं तेच काम आहे, पाटी वेगळी. कुठे आर अँड डी म्हणतात, कुठे अ‍ॅप्लिकेशन लॅब, कुठे टेक्निकल सर्व्हिस. या तिसऱ्याकडे लोक विक्रीचं काम म्हणून नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. टेक्निकल सर्व्हिसचा माणूस सरवलीच्या, डोंबिवलीच्या, इचलकरंजीच्या कारखान्यात जाऊन बिघडलेला माल हातात घेतो. एसीत बसलेल्याला जे सहा महिन्यांनी अहवालात कळतं, ते त्याला जागेवर वासाने कळतं.

पहिली नोकरी बहुधा क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्यात, लागते. पीएच, दाटपणा, घन पदार्थांचं प्रमाण, दिवसभर तेच. त्याला कैद समजू नका. एकाच मालाच्या शंभर बॅचा पाहिलेला माणूस कुठली बॅच आजारी आहे हे आकड्याआधी ओळखतो, आणि फॉर्म्युलेशनच्या टेबलावर अशाच माणसाला बोलावतात. लहान कारखान्यांत मूळ सूत्र मालकाकडे कुलपात असतं, पिशव्यांवर नावांऐवजी आकडे. तिथे विचारून उत्तर मिळत नाही, पण बघायला बंदी नसते: कुठली पिशवी आधी पडते, कुठली थंड झाल्यावर, का?

अर्ज पाठवून कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसण्याची सवय सोडायला हवी. कच्चा माल विकणाऱ्या कंपन्यांकडे आणि त्यांच्या वितरकांकडे चाचणीच्या प्रयोगशाळा असतात, तिकडे फार थोडे उमेदवार जातात. गोरेगावला पेंटइंडियासारखी प्रदर्शनं भरतात. तिथे स्टॉलवर 'जागा आहे का' विचारण्याआधी 'हे कशात वापरतात आणि कशात चालत नाही' हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला माणसं खुलतात. माटुंग्याची रसायन-तंत्रज्ञानाची संस्था यूडीसीटी, आताची आयसीटी, १९३३ साली सुरू झाली तेव्हा वस्त्ररसायन तिच्या पहिल्या विषयांपैकी एक होतं; तिथल्या पदवीशी तुमच्या पदवीची तुलना होणारच. होऊ द्या. खळीच्या टाकीशेजारी वाढलेलं असणं ही माटुंग्यात न मिळणारी गोष्ट आहे, फक्त तुम्ही ती कधी नीट पाहिलेली असली पाहिजे.

तेव्हा एक करा. ओळखीच्या मागवाल्याकडून वीतभर ग्रे कापड मागून आणा. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन. कापडावर एक थेंब. निळं-जांभळं उमटलं तर तो स्टार्च आहे. त्याचे तुकडे करा: एक गार पाण्यात धुवा, एक गरम पाण्यात, एक गरम पाणी आणि डिटर्जंट घालून. वाळवा, पुन्हा थेंब टाका. कुठे निळा राहिला, कुठे फिकटला, तारीख घालून वहीत लिहा, कापडाचे तुकडे बाजूला चिकटवा.

मग धुवणाचं पाणी फेकण्याआधी थांबा. भिवंडीचं पाणी कामवारी नदीत जातं आणि पुढे खाडीत. स्टार्च नदीत गेला की जिवाणू तो खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. पीव्हीए त्यांना सहज खाता येत नाही, ते तसंच पुढे जातं. एक फार लवकर कुजतं, दुसरं कुजायला फार वेळ लावतं. मग खळ कशी हवी? पापुद्रा पीव्हीएसारखा, उतरणं नुसत्या गरम पाण्याने होईल इतकं सोपं, भाव स्टार्चच्या जवळपास, आणि धुवणाचं पाणी नदीला पेलेल असं: कागदाच्या एका बाजूला या अटी लिहा, दुसऱ्या बाजूला तुम्हाला माहीत असलेले पदार्थ. पुढच्या मुलाखतीला सीव्हीबरोबर हा कागद आणि ते चिकटवलेले तुकडे न्या.