कोणी गात नसताना

भजन अजून सुरू व्हायचे आहे. सतरंजी अंथरून झाली, पेटी उघडली, कोणीतरी खंजिरीला शेक देत बसले आहे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यातले कुठलेही गाव डोळ्यांसमोर आणा. सरकारी कागद हिंदीत असतो, पण घरात आणि भजनात मराठी असते, तुकडोजी महाराजांची खंजिरी असते. माईकचे बटण दाबले गेले आहे आणि अजून कोणी एक शब्द बोललेले नाही.

इथेच थांबू. माईकची वायर ज्या डब्यात जाते, त्याच्या अगदी पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्रीअँपमध्ये, या क्षणी काय चालले आहे, एवढेच आज बघायचे.

आधी तळहात तोंडापासून चार बोटांवर धरा आणि हळूच ‘आ’ म्हणा. हाताला ऊब लागते, पण आवाजाचा धक्का म्हणावा असे काही जाणवत नाही. माईकच्या जाळीमागच्या पातळ पडद्याला मात्र तो जाणवतो. पडद्याला तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत हलते. चुंबकाजवळ तार हलली की तिच्यात वीज उपजते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवले. इथे उपजते ती फार थोडी, जेमतेम काही मिलीव्होल्ट. भोंगा हलवणाऱ्या मोठ्या अँप्लिफायरला मात्र जवळपास एक व्होल्ट हवा असतो. मधले काहीशे पटींचे अंतर प्रीअँपला भरून काढायचे असते.

“मांगच्याइले आयकू येत नाही, आवाज वाढव नं गा,” असे कोणीतरी म्हणतेच. त्या ‘वाढव’मुळे मी कित्येक वर्षे चुकीचे समजत होतो. मला वाटे, तोच आवाज फुगवून मोठा केला जातो. तसे होत नाही. संत्र्याच्या बगिच्यात पाणी देणारा माणूस आठवा. विहिरीवरची मोटर चालू आहे, दांड भरून वाहतो आहे. तो फावड्याने चिमूटभर माती इकडची तिकडे करतो आणि पाण्याचा लोट या आळ्याकडे किंवा त्या आळ्याकडे वळतो. पाण्याला जोर मोटरीचा आहे, हाताने फक्त वाट दिली. ट्रान्झिस्टरमध्ये हेच घडते. गाणाऱ्याचा आवाज म्हणजे तो हात, आणि वाहणारा प्रवाह बॅटरीचा. भोंग्यातून येते ती बॅटरीच्या विजेतून नव्याने घडवलेली, गळ्याच्या प्रत्येक वळणाशी इमान राखणारी मोठी प्रत. हे ज्या दिवशी उमजले, त्या दिवशी मी बराच वेळ हातातला तो तीन पायांचा काळा दाणा नुसता बघत होतो.

आता तो दाणा, म्हणजे ट्रान्झिस्टर, समोर ठेवा. त्याचे तीन पाय म्हणजे बेस, एमिटर आणि कलेक्टर. बीसी ५४७, रेडिओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळणारा. सोबत ९ व्होल्टची बॅटरी, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर. सगळे सामान मुठीत मावते. ४७ हजार आणि १० हजार ओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीवर एकाखाली एक लावले की त्यांच्या सांध्यावर सुमारे १.६ व्होल्ट मिळतात. ते बेसला द्या. एमिटर त्याहून सुमारे ०.६५ व्होल्ट खाली राहतो, म्हणजे ०.९५च्या आसपास. एमिटरखाली १ हजार ओहम आहेत, म्हणून प्रवाह जवळपास १ मिलीअँपिअर. तोच प्रवाह कलेक्टरवरच्या ४,७०० ओहममधून येतो आणि तिथे साडेचार व्होल्टच्या आसपास खर्च होतात. मल्टिमीटरचे लाल टोक कलेक्टरला टेकवा: ४.६.

या आकड्यापाशी जरा बसा. कोणी गात नाही, तरी प्रवाह चालूच आहे. ट्रान्झिस्टर बंदही नाही आणि पूर्ण उघडाही नाही.

गोटमारीसाठी, म्हणजे दोन तीरांवरच्या गावांच्या दगडफेकीच्या खेळासाठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. त्या दगडांनी किती घरांतली माणसे नेली, ते या भागात कोणाला सांगावे लागत नाही. ते दुःख मनात असू द्या आणि आता फक्त पात्र बघा: दोन तीर, आणि मधोमध उभा पळस. कलेक्टरचे ४.६ तसेच उभे आहेत. वरचा तीर ९ व्होल्टचा, खालचा एमिटरजवळचा, सुमारे एक व्होल्टचा. आवाजाची लाट दोन्हीकडे जाते, म्हणून दोन्हीकडे जागा लागते. हा बिंदू वर सरकला तर लाटेचा माथा कापला जाईल, खाली आला तर पायथा, आणि गाणाऱ्याचा गळा कितीही गोड असला तरी भोंगा फाटका बोलेल.

माझ्या पहिल्या जोडणीत मी माईक सरळ बेसला लावला होता. काहीच ऐकू येईना. मी तीन ट्रान्झिस्टर बदलले. तिन्ही चांगले होते. माईकच्या वेटोळ्याचा रोध काहीशे ओहमचा. त्याने बेसचे १.६ व्होल्ट सरळ जमिनीकडे ओढून नेले होते आणि ट्रान्झिस्टर झोपी गेला होता. मध्ये १० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर लावला आणि खोलीत माझाच श्वास ऐकू आला. कंडेन्सर स्थिर दाबाला अडवतो आणि थरथरीला जाऊ देतो. असाच दुसरा कलेक्टरवर बसतो, पुढच्या टप्प्याकडे फक्त थरथर पाठवायला.

राहिला तिसरा, १०० मायक्रोफॅरडचा, एमिटरच्या रेझिस्टरला समांतर. तो काढून ठेवला तर आवाज पाचपटही होत नाही, कारण एमिटरचा रेझिस्टर प्रत्येक हालचालीला मागे खेचतो. मात्र तोच रेझिस्टर उन्हाळ्यात ट्रान्झिस्टर तापला तरी ४.६ला ढळू देत नाही, म्हणून तो हवाच. कंडेन्सर थरथरीला बाजूची वाट देतो आणि वाढ दीडशेपटीच्या घरात जाते. उरलेले काम पुढचा टप्पा करतो.

आणखी एक गोष्ट कानाने ऐकायची आहे. आवाज पूर्ण वाढवा आणि गप्प राहा. बारीक ‘सस्स’ येते. साधा रेझिस्टरही खोलीच्या उष्णतेने कुजबुजत असतो. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली हे मांडले. पहिल्या टप्प्यात जे शिरले ते पुढे सगळीकडे वाढत जाते, म्हणून माईकची वायर जाळीची हवी आणि सांधे स्वच्छ.

आता मंडळी बसली. पहिला स्वर लागतो. बेस मिलीव्होल्टभर वर गेला की कलेक्टर दीडशे मिलीव्होल्ट खाली येतो, तो खाली गेला की हा वर, सेकंदाला शेकडो वेळा. मल्टिमीटर डीसीवरच ठेवून त्याच्याकडे बघत राहा. खंजिरी चढते, टाळ मिसळतात, मागच्यांनाही ऐकू येऊ लागते. लाट जेवढी वर जाते तेवढीच खाली येते, आणि मीटरवर अजून तेच आहे: ४.६.