प्रतिध्वनी आणि मूळ स्वर

(वाचनभाग : आमोस 5:21-24, योहान 3:27-30, 1 करिंथ 14:7-9)

आमच्या पुष्कळ मंडळ्यांत आता पेटी-तबल्याच्या शेजारी गिटार आणि तिचा अँप्लिफायर येऊन बसला आहे. अलीकडे या दोहोंच्या मध्ये पायाने दाबावयाची एक लहानशी डबीही दिसू लागली आहे. तिला डिले पेडल म्हणतात. तार एकदा छेडली की ही डबी तोच स्वर क्षणभराने पुन्हा ऐकवते, मग आणखी मंद करून पुन्हा ऐकवते. लहानशा खोलीत वाजविले तरी मोठ्या दगडी मंदिरात बसल्याचा भास होतो. यावरून वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडते की, हा भास म्हणजे असत्य. जो स्वर हाताने वाजविला नाही तो देवापुढे का ऐकवावा? तरुणांस वाटते, आमची सेवाच नाकारली गेली. दोघेही एकाच शरीराचे अवयव आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार प्रीतीने झाला पाहिजे.

प्रथम हे मान्य करू या की, प्रतिध्वनी स्वतः पाप नव्हे. आवाज एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे 17 मीटर दूरच्या भिंतीवरून परत यावयास त्याला एक दशांश सेकंद लागतो. उंच छपराच्या मंदिरात हे रोजच घडते, त्यास कोणी लबाडी म्हणत नाही. परदेशी यंत्र म्हणून नाक मुरडावे, तर आपली पेटीही परदेशीच! हार्मोनियमचे पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये घेतले गेले. आणि आमोसाच्या काळी वीज नव्हती, तारा हातानेच छेडल्या जात. तरी देवाने त्या गीतांचा वीट मानला, कारण वाजविणाऱ्यांच्या जीवनात न्याय नव्हता. तेव्हा दोष वाद्यात शोधू नये.

मग पाहावे कोठे? क्रमात आणि प्रमाणात. ही डबी जोडणारे आपले तरुणच याची साक्ष देतील. जोडणी सोपी आहे. अँप्लिफायरचा आवाज उतरवून ठेवावा. गिटारची वायर पेडलच्या इनपुटमध्ये आणि आउटपुटमधून दुसरी वायर अँप्लिफायरमध्ये घालावी. अँप्लिफायरचा स्वर स्वच्छ असेल तर एवढे पुरते. परंतु अँप्लिफायर स्वतःच स्वर फाडून खरखरीत करीत असेल, तर मूळ स्वर व त्याचे प्रतिध्वनी एकत्रच त्या खरखरीत सापडतात आणि सगळा गोंधळ होतो. अशा वेळी, पुष्कळ अँप्लिफायरांच्या मागे सेंड व रिटर्न अशी दोन छिद्रे असतात, तेथे पेडल जोडतात. म्हणजे स्वर आधी पूर्ण घडतो आणि मग त्याचा प्रतिध्वनी निघतो. आधी घडणे, मग घुमणे! उपदेशक, शब्बाथ शाळेचा शिक्षक, गायक, या सर्वांस हा क्रम लागू आहे. वचन आपल्यात घडण्यापूर्वीच ते आपल्या तोंडून घुमू लागले, तर मुलांच्या कानी गोंधळच पडतो.

पेडलवर बहुधा तीन बटणे असतात. एकाने दोन स्वरांमधील अंतर ठरते. मिनिटाला 75 मात्रांचे गीत असेल तर एक मात्रा 800 मिलिसेकंदांची. अंतर त्याच्याशी किंवा त्याच्या निम्म्याशी जुळले नाही, तर प्रतिध्वनी तबल्याशी भांडतो. दुसऱ्याने प्रतिध्वनी किती मोठा ते ठरते. तिसरे बटण, किती वेळा परत यावे याचे, सर्वांत जपून फिरवावयाचे. ते मर्यादेत असते तोवर प्रत्येक आवृत्ती आधीच्यापेक्षा मंद होत जाते आणि अखेर मूळ गीताला वाट देते. पण पुष्कळ पेडलांत ते फार पुढे नेले, की आवृत्ती मंद होण्याऐवजी चढत जाते, मूळ स्वर बुडतो, आणि वाजविणाऱ्याने हात उचलला तरी आवाज चालूच राहतो.

भक्ती थांबली आणि आवाज चालू राहिला, अशी उपासना आपण पाहिली नाही काय? तशी ती पेटीवरही होते, प्रार्थनेतही होते, व्यासपीठावरही होते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतःस केवळ वाणी म्हटले आणि ख्रिस्त वाढावा म्हणून आपण कमी होणे आनंदाने पत्करले. खऱ्या प्रतिध्वनीचा धर्म हाच.

म्हणून आमची विनंती अशी. वडिलांनी डबीवर बंदी घालू नये. तरुणांनी एकदा पेडल बंद करून तेच गीत वाजवून पाहावे. ते तसेही उभे राहत असेल तर प्रतिध्वनी त्याचा अलंकार आहे, आणि कोसळत असेल तर तो त्याचे पांघरूण आहे. ज्या मंदिराच्या भिंतीच फार घुमतात, तेथे ते बंदच बरे. नाहीतर मागच्या बाकावरील ऐकू कमी येणाऱ्या आजींस गीताचे शब्द कळणार नाहीत. पौलाने करिंथकरांस स्पष्ट स्वराविषयी लिहिले ते याच हेतूने. आपला हक्क सोडून त्या आजींस शब्द ऐकू येऊ देणे, हीही उपासनाच होय.