प्रशस्ती कोणाची?

हल्ली शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्रक यांच्याशिवाय कार्यक्रम पार पडत नाही. मजकूर सगळीकडे तोच, नाव तेवढे बदलायचे. म्हणून म्हटले, या शब्दाचे मूळ तरी बघावे.

संस्कृतात 'शंस्' म्हणजे मोठ्याने म्हणणे, स्तवन करणे. यज्ञात होता देवतांचे जे स्तवन म्हणतो त्याला 'शस्त्र' म्हणतात. हत्याराशी त्याचा संबंध नाही. त्याच धातूला 'प्र' लागून प्रशंसा, प्रशस्त, प्रशस्ती हे शब्द झाले. प्रशस्त म्हणजे वाखाणलेले. आपण मात्र प्रशस्त म्हटले की हॉलची लांबी-रुंदी बघतो!

माणसांच्या स्तुतीला वेदकाळी 'नाराशंसी' म्हणत, आणि काठक संहितेने तिला चक्क अनृत, म्हणजे खोटे ठरवले आहे. देवाला कितीही वाखाणा, कमीच पडते. माणसाच्या बाबतीत मात्र जीभ लगेच घसरते.

पुढे ही स्तुती दगडावर आली. कर्नाटकात ऐहोळे येथे दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे, इ.स. 634 ची. तो तीन महाराष्ट्रांचा, 99 हजार गावांचा धनी झाला असे तीत म्हटले आहे. बँकेत जन्म गेल्यामुळे असा आकडा दिसला की व्हाउचर कुठे आहे, असे मनात येतेच. कवी रविकीर्तीने तर स्वतःलाही कालिदास-भारवींच्या पंगतीला बसवून घेतले आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यातला लेख मला अधिक भावतो. गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षी भिक्षूंना लेणे दान दिले आणि त्या दानलेखात आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे गुण कोरवले. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, वगैरे अतिशयोक्ती तिथेही आहेच. आईच ती! पण कर धर्माने घेतले, प्रजेचे सुखदुःख आपले मानले, अपराधी शत्रूलाही मारणे त्याला रुचत नसे, हेही तिने आवर्जून लिहवले. आणि हे सारे एक वस्तू देऊन टाकताना.

आपल्या देवळांतून देणगीदारांच्या पाट्या असतात. त्या नकोत असे मी म्हणणार नाही. दिलेल्याची नोंद हवीच, हिशेबाला बरी. पण 'दानशूर', 'थोर', 'कर्मयोगी' ही विशेषणे कशाला? 'दत्त' या शब्दाचा अर्थच 'दिलेला'. भगवंताने अत्रिऋषींना स्वतःलाच देऊन टाकले, अशी भागवतातली कथा आहे. त्याच्या गाभाऱ्याबाहेर आपण पाच हजारांसाठी 'दानशूर' कोरायचे? विश्वस्त मंडळींनी विचार करावा. नाव, रक्कम, तारीख; एवढे पुरे.