योसेफाचं वाक्य योसेफालाच बोलू द्या

आजचा शास्त्रभाग: उत्पत्ती ५०:१५-२१



याकोब वारलाय. आता योसेफ सूड घेईल, अशी भावांना भीती वाटतेय. योसेफ रडतो आणि त्यांना सांगतो, की तुमचा बेत मला बुडवायचा होता, देवाचा मात्र पुष्कळांना जगवायचा.

हे वचन आपण फार सहज वापरतो. कुणाची नोकरी जाते, कुणाचं लेकरू जातं आणि आपण लगेच म्हणतो, "देवाचा काहीतरी प्लॅन असेल." पण प्लॅन देवाचा असेल, तर दोष कोणाचा?

हाच प्रश्न आपल्या नाशिकमध्ये विचारून बघू. शरणपूर रोडवरून आपण सारखे जातो. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या या वस्तीत आफ्रिकन मुलं राहायची. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी घरापासून तोडलेली आणि ब्रिटिश जहाजांनी समुद्रावर सोडवलेली. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट, याओ जमातीचा. नाशिकमध्ये शिकून तो पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन तिथे वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबनेच वाचली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये तोही होता.

किती सुंदर साक्ष! पण म्हणून गुलामांचे व्यापारी देवाने पाठवले होते, असं म्हणायचं का?

वचन नीट वाचा. मूळ हिब्रूत 'योजणे' हे एकच क्रियापद दोनदा येतं, एकदा भावांसाठी, एकदा देवासाठी. म्हणजे देव नंतर येऊन नुसती सारवासारव करत नाही, तो सुरुवातीपासून तिथे आहे. पण योसेफ भावांच्या कृत्याला 'वाईट' हाच शब्द वापरतो. शेवट चांगला झाला म्हणून ते पाप पुण्य होत नाही. उत्पत्ती ४२:२१ मध्ये भाऊच कबूल करतात, की तो जीव तोडून विनवत होता आणि आम्ही ऐकलं नाही. इतक्या वर्षांनीही ती विनवणी पवित्र शास्त्राने पुसलेली नाही.

आणि हे वाक्य बोलतं कोण? योसेफ, ज्याने ते भोगलं. भावांनी ते स्वतःच्या बचावासाठी म्हटलं असतं, तर किती घाण वाटलं असतं! आपण दुसऱ्याच्या दुःखावर ते चिकटवतो, तेव्हा थोडंफार तेच होतं.

शिवाय शरणपूरपर्यंत जी पोहोचलीच नाहीत, वाटेतच मेली, त्यांचं काय? त्यांच्या वतीने "सगळं भल्यासाठीच झालं" असं म्हणायचा अधिकार मला नाही. देवाने हे का होऊ दिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते देवाकडे मागणं हा अविश्वास नाही. ईयोबाने मागितलं, स्तोत्रकर्त्यांनी मागितलं.

माझ्याकडे आहे तो क्रूस. योसेफ वीस रुप्यांना विकला गेला, आपला प्रभू तीस रुप्यांना. याने 'का' सुटत नाही. पण देव कोणाच्या बाजूला आहे ते कळतं. तो विकणाऱ्यांबरोबर बसून नफा मोजत नाही, तो विकल्या गेलेल्यांमध्ये आहे. अशा देवावर मी भरवसा ठेवू शकतो, हिशेब पूर्ण लागलेला नसतानाही.

आज करून बघा: कोणी दुःखात असेल, तर त्याला देवाचा प्लॅन समजावू नका. भावांनी जे केलं नाही ते करा: ऐका. सोडवता येत असेल, तर सोडवा. त्यातून देवाने काय घडवलं, हे त्याला स्वतःला कधी सांगावंसं वाटलं, तर तो सांगेल.

प्रार्थना: हे प्रभू येशू, ज्यांचं रडणं कोणी ऐकलं नाही, त्यांचं तू ऐकलंस असा आमचा विश्वास आहे. आमच्या जिभेला सबुरी दे, कानांना धीर दे आणि हातांना काम दे. आमेन.