सुखाची मुदतठेव

बँकेत असताना मी सुखाचीही मुदतठेवच केली होती. वाचन, गाणं, सगळं निवृत्तीनंतर! शेजारच्या काउंटरवरचा मित्र म्हणे, "चल रे, आज गाणं ऐकू." मी लेजरमधून डोकं वर काढत नसे. माझ्या निवृत्तीआधीच तो गेला.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी आपले २४ गुरू सांगितले आहेत. त्यांत मधमाशी आहे. लहानमोठ्या फुलांतून थोडं थोडं घ्यावं, हे तिच्याकडून शिकावं. पण तिने साठवलेला मध दुसराच नेतो, हेही ध्यानात ठेवावं.

संसारी माणसाने पैसा जरूर साठवावा. सुख साठत नाही. आता मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयातून पुस्तक आणतो, संध्याकाळी भीमसेनजींचा अभंग लावतो. मित्राची हाक आली, की लगेच चपला घालतो. प्रसाद समोर आला की तेव्हाच घ्यावा.

श्रीगुरुदेव दत्त!